कूलर बंद करणारा म्हातारा

केयूरबद्दल कोणीच वाईट बोलेना, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी अमरावतीच्या कोर्टात उमेदीची सगळी वर्षं दिवाणी दावे चालवण्यात घालवली. ज्या साक्षीदाराच्या बोलण्यात एकही खोट निघत नाही, त्याला कोणीतरी पढवून आणलेलं असतं, हे मला झोपेतही कळतं. माझ्या मुलीने, अश्लेषाने, स्वतःच पसंत केलेला अकोल्याचा हा मुलगा घरात सांगितला, तेव्हा मी रीतीप्रमाणे माझा जुना कारकून गोवर्धन याला चौकशीला पाठवलं. आमच्याकडे मुलगी द्यायची म्हणजे मुलाच्या गल्लीतला किराणावाला, शाळेतला मास्तर, शेजारीपाजारी अशा सगळ्यांना गाठून माहिती काढायची असते. गोवर्धन परत आला तो जणू लग्नाचं जेवून आल्यासारखा.

"साहेब, पोट्टा सोनं हाय. कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणावर काम करते. बाप नाई, माय हाय. सुपारीचं खांडसुद्धा खात नाई. कोनी काईच बोलत नाई त्याच्याबद्दल."

"कोनीच काऊन बोलत नाई?"

"आता चांगल्या मानसाबद्दल काय बोलतीन लोक?"

एवढ्या भोळ्या माणसाने माझ्याकडे इतकी वर्षं कारकुनी कशी केली, देव जाणे.

अश्लेषा एकतिशीची आहे. फिजिओथेरपिस्ट आहे, राजापेठेत तिचं स्वतःचं क्लिनिक आहे. यापूर्वी तिला दोन स्थळं सांगून आली होती, एक यवतमाळचं आणि एक नागपूरचं. दोन्हींना मी "विचार करून सांगतो" असं म्हणालो होतो. माझा विचार चालू असतानाच त्या दोन्ही मुलांची लग्नं झाली. यात माझं काही चुकलं असं मला वाटत नव्हतं. ज्यांना थांबवत नाही, त्यांना मुलगी कशी द्यायची?

गोवर्धन येऊन गेला त्याच संध्याकाळी अश्लेषा माझ्यासमोर उभी राहिली. हातात स्कूटरची किल्ली तशीच होती. तिने एक पातळसं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"बाबा, आता आणखी कोणाला अकोल्याला पाठवू नका. केयूरने गोष्टी लिहिल्यात. त्या वाचा आणि हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण 'विचार करून सांगतो' म्हणालात, तर मी ते नाहीच धरीन. तुमच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. फक्त यापुढे तुम्हाला कधी काही विचारणारही नाही."

ती आवाज न चढवता बोलली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या शेवटच्या वाक्यावर मी पुस्तक उचललं आणि ते किती पानांचं आहे ते पाहू लागलो.

आता माझं वाचन म्हणजे निकालपत्रं, जमिनीचे जुने कागद आणि फार तर जिल्ह्याचं गॅझेटियर. गोष्ट नावाचा प्रकार मी शाळेबरोबरच सोडला. त्यातून या सरळ गोष्टीही नव्हत्या. झालेला इतिहास मोडायचा आणि न झालेला लिहायचा, असा हा उद्योग होता. कोर्टात एखादा वकील "समजा असं झालं असतं तर" करू लागला, की न्यायाधीश त्याला खाली बसवतात. इथे अख्खं पुस्तकच त्यावर उभं, आणि ज्याने ते लिहिलं तो माझ्या मुलीचा हात मागत होता. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि वाचायला बसलो.

पहिल्या गोष्टीत १९०२ साली निजाम वऱ्हाड इंग्रजांना कायमचं भाड्याने द्यायला साफ नकार देतो, आणि आपला मुलूख परत हैदराबादकडे जातो. अमरावतीचं कोर्ट उर्दूत चालतं. वकील शेरवानीत येतात. मी चुका धरायला बसलो होतो, पण दस्तावरच्या मुद्रांकापर्यंत सगळं बरोबर निघालं. कापसावर संशोधन करणाऱ्याला मुद्रांकाशी काय करायचं? हा नक्कीच कोणा वकिलाला विचारून लिहितो, असं मी समासात टिपून ठेवलं. मधेच माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात एका जुन्या दाव्याचा युक्तिवाद उर्दूत करून पाहतोय. "हुजूर" म्हणेपर्यंत गेलो होतो. लाज वाटून पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. दुसऱ्या गोष्टीत अमेरिकेत यादवी युद्ध होतच नाही. तिकडचा कापूस सुरळीत येत राहतो, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज पडत नाही. मग वऱ्हाडात सरकी काढायचं जिनिंग नाही, गाठी बांधायची प्रेस नाही, रेल्वेसुद्धा नाही. अकोला म्हणजे मोर्णा नदीच्या काठचं ज्वारी-तुरीचं खेडं. परक्या देशातल्या एका न झालेल्या भांडणाने त्याने अकोल्याची सगळी बाजारपेठ पुसून टाकली होती. स्वतःच्या गावावर असा बोळा फिरवणाऱ्याचा भरवसा काय, असा प्रश्न मी लिहिला. तरी जेवायला हाक आली तेव्हा "दोन पानं राहिलीत" असं माझ्याच तोंडून निघालं, आणि माझ्या बायकोने, रमाने, माझ्याकडे असं पाहिलं की मी चिडून पानावर जाऊन बसलो.

तिसऱ्या गोष्टीत १९६० साली विदर्भाचं वेगळं राज्य होतं आणि राजधानी होते अमरावती. पंचवटी चौकात मंत्र्यांच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. इथे मात्र मी पेन्सिल रोवून लिहिलं, "नागपूरवाले हे कोणत्याही इतिहासात होऊ देणार नाहीत." मला फार बरं वाटलं. एक तरी चूक सापडली होती.

आणि मग मला तो म्हातारा दिसला.

तिसऱ्या गोष्टीत एका घराची बेल वाजते. बाहेर लग्नाचं विचारायला आलेले पाहुणे आहेत. आतला म्हातारा आधी कूलर बंद करतो, कान देऊन ऐकतो आणि मग विचारतो, "कोण?" साखळी न काढता चार बोटं दार उघडतो. त्या फटीतून पाण्याचा पेला बाहेर देतो. आणि म्हणतो, "विचार करून सांगतो."

मी घाईघाईने मागची पानं उलटली. पहिल्या गोष्टीतही तो होता, निजामाच्या अमरावतीत. तिथे कूलर नव्हता, म्हणून तो पंखा ओढणाऱ्याला हाताने थांबवतो, कान देतो आणि विचारतो, "कोण?" दुसऱ्या गोष्टीत तो ज्वारी-तुरीच्या खेड्यात राहतो. तिथे तो सुनेला जातं थांबवायला लावतो. तीन राज्यं, तीन वेगळी वऱ्हाडं, आणि तिन्हींत हा एकच म्हातारा तसाच्या तसा. वाचताना मी त्याच्यावरून दोनदा सरकलो होतो, कारण तो मला अगदी साधा, शहाणा माणूस वाटला होता.

आमच्या घरात कूलर मी बंद करतो.

त्याचा आवाज एवढा आहे की बाहेर एक माणूस आहे की तीन, आपसात काय कुजबुजतायत, काही कळत नाही. म्हणून बेल वाजली की आधी कूलर बंद, मग थोडं ऐकायचं, मग "कोण?" दूधवाला असो की नातेवाईक. साखळी मीच बसवून घेतली आहे. उन्हात आलेल्याला पाणी देतो, अगदी माणुसकी सोडलेली नाही, पण आधी फटीतून देतो. हे सगळं इतक्या बारकाईने घरातल्या माणसांशिवाय कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

माझं डोकं फिरलं. म्हणजे या पोराने माझ्या घराची टेहळणी केली होती. आम्ही दिवाळीत शेगावला गेलो होतो तेव्हा हा इथे येऊन गेला? की माझ्या दारात पाहुणा म्हणून कोणाला पाठवलं होतं? मागे एक पाण्याची टाकी धुणारा उगाच दोनदा येऊन गेला होता, तोही मला आता वेगळाच दिसू लागला.

मी रमाला ती तिन्ही पानं वाचून दाखवली. तिने पदर तोंडाला लावला.

"तू काऊन हसून राहिली?"

"हसू नाही तर काय करू? हुबेहूब आहे."

"हुबेहूब आहे म्हणूनच विचारतोय. याला सांगितलं कोणी?"

"मला काय माहीत," ती म्हणाली, पण जरा जास्तच लवकर म्हणाली. तिच्यावरही माझा संशय बसला.

सकाळी मी सांगितलं, चांदूर रेल्वेला एका जुन्या अशिलाकडे जाऊन येतो.

"चांदूरला जाताना गोष्टींचं पुस्तक कशाला?" रमाने विचारलं. मी चपला घालून निघालो आणि अकोल्याची बस पकडली.

एप्रिलचं ऊन होतं. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव करत बस अकोल्याला पोचली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. ऑटो करून जठारपेठेत गेलो. केयूरचं घर शोधत होतो तर शेजारच्या फाटकामागून एका म्हातारीने मला अडवलं. या पार्वताबाई, हे मला नंतर कळलं.

"कोन पायजे? कोठचे तुमी?"

"अमरावतीचा."

"चौकशीले आले का?" तिने मला वरून खाली पाहिलं. "याच्या आंधी तुमचा थो एक मानूस येऊन गेला. मले इचारे, पोट्टा पेते का, पोट्टा खाते का. मी म्हनलं, बाप्पा, पानी पेते आन् भाकर खाते. कितीक इचारता? आमी का कोर्टात उभे हाओत?"

"मी फक्त भेटायला आलोय."

"भेटाले येनारा मानूस असा खांब धरून उभा राहात नाई. दार उघडंच हाय त्याइचं. जा."

दार खरंच उघडं होतं. नुसता पडदा होता, तोही अर्धा सरकलेला. आत कूलर घरघरत होता. मी बेल शोधली, ती सापडेना. एवढ्यात आतून आवाज आला, "या ना, उन्हात काऊन उभे?"

केयूरची आई, नीलमताई, हात पुसत बाहेर आल्या. मला खुर्ची दिली, कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं, पाणी आणलं, मग आणखी पाणी आणलं. मी कोण, कुठला, कोणाचा, काहीही विचारलं नाही. मला ते सहन होईना.

"तुम्ही मला ओळखता?"

"नाही भाऊ."

"मग आत कसं घेतलं? मी कोणीही असू शकतो."

"उन्हाचे आलात," त्या म्हणाल्या, जणू माझा प्रश्नच त्यांना समजला नव्हता. "चहा घेता की सरबत?"

सरबत चालू असतानाच केयूर जेवायला घरी आला. उंच, उन्हाने रापलेला, बुटांना काळी माती. मला पाहून तो दारातच थबकला. फोटोवरून ओळखलं असावं. वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद न देता पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं.

"हा म्हातारा कोण?"

"पात्र आहे, काका."

"पात्र कूलर का बंद करतं?"

तो बुटांचे बंद सोडू लागला.

"पाणी फटीतून का देतं? साखळी कुठे पाहिलीस तू? माझ्या घरी कधी आला होतास? आलास तर कोणाच्या परवानगीने? आणि नसशील आला, तर कोणाला पाठवलं होतंस?"

असे प्रश्न मी एकामागून एक टाकले की कोर्टात माणूस घामाघूम व्हायचा. केयूर तसा झाला नाही. तो फक्त तांबडा झाला आणि आईकडे पाहू लागला. नीलमताईंनी मान खाली घातली.

"काका, मी तुमच्या घरी कधीच आलो नाही," तो म्हणाला. "गोष्टी माझ्या आहेत. पण म्हाताऱ्याच्या त्या जागा मी लिहिलेल्या नाहीत."

"मग कोणी लिहिल्या?"

"अश्लेषाने."

मी सरबताचा पेला खाली ठेवला.

"माझा म्हातारा तिसऱ्या गोष्टीत दार उघडायचा," केयूर म्हणाला. "पाहुण्यांना आत घ्यायचा. तिने वाचलं आणि म्हणाली, हे खोटं वाटतंय, दे इकडे. तिन्ही जागा तिने पुन्हा लिहिल्या. मी म्हटलं, अगं, राज्य बदललं, राजधानी बदलली, एका तरी गोष्टीत त्याला दार उघडू दे." त्याने त्या उघड्या पानाकडे पाहिलं. "ती म्हणाली, इतिहास कितीही बदल. बाबा दार उघडणार नाहीत."

उलटतपासणीत एक प्रश्न जास्त विचारू नये, असं आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. मी तो विचारला.

"बाबा म्हणाली? म्हातारा नाही म्हणाली?"

"बाबा म्हणाली."

कूलर चालू होता. बाहेर पार्वताबाई कोणावर तरी खेकसत होत्या. मला खूप राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. या पोरावर काढता येत नव्हता. त्याने तर माझ्यासाठी दार उघडून पाहिलं होतं.

नीलमताईंनी हळूच विचारलं, "मग भाऊ, तुमचं काय म्हणणं आहे?"

"विचार करून..." मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो. त्या दोघांनीही ते पुस्तक वाचलेलं होतं. मी उठलो, चपला घातल्या आणि काही न बोलता बाहेर पडलो. केयूर स्टँडवर सोडतो म्हणत मागे आला. मी हातानेच नको म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. पुस्तक मांडीवर होतं. ते अश्लेषानेच माझ्यासमोर ठेवलं होतं. मी प्रत्येक ओळ पेन्सिलीने वाचतो, हे तिला ठाऊक होतं. तरी ठेवलं. मी इतके दिवस केयूरला तपासत बसलो होतो, आणि त्या पानांवर उभा होतो मी.

मूर्तिजापूरला बस बराच वेळ थांबली. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून एक "असं झालं असतं तर" करून पाहिलं. यवतमाळच्या त्या लोकांना मी फटीतूनच परत पाठवलं, त्या दिवशी साखळी काढली असती तर? पण मला पुढची गोष्ट रचताच येईना. एवढंच दिसलं की पाहुणे सोफ्यावर बसलेत आणि अश्लेषा ट्रे घेऊन येताना माझ्याकडे पाहून हसतेय. त्यापुढे ते स्थळ चांगलं निघालं असतं की वाईट, देव जाणे. ती हसली असती, हे मात्र मला नक्की माहीत होतं. मला रडू आलं. शेजारच्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का, तर मी त्यालाच विचारलं, तुम्ही कोण, कुठले. सवय जात नाही.

अमरावतीत उतरून घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बेल दाबली.

आत कूलर बंद झाला.

घरघर थांबून सगळं शांत झालं. आत कोणीतरी कान देऊन उभं होतं, आणि मला माझाच श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला. मी सरळ उभा राहिलो, घाम पुसला, केसांवरून हात फिरवला. स्वतःच्या घराच्या दारात मी नीटनेटका दिसायची धडपड करत होतो.

"कोण?" अश्लेषाचा आवाज.

"मी."

दार चार बोटं उघडलं. साखळी तशीच. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. डोळा रडून सुजलेला होता.

"चांदूर रेल्वेला गेला होतात ना?"

"अकोल्याला."

"माहीत आहे. केयूरचा फोन आला होता. काका काहीच न बोलता उठून गेले म्हणाला." तिने दार तसंच धरून ठेवलं. "मग? विचार करून सांगता?"

फटीतून गार हवा माझ्या हातावर येत होती. यवतमाळच्या त्या माणसाने, नागपूरच्या त्या बाईने इथेच उभं राहून माझा असाच अर्धा चेहरा पाहिला असणार.

"आधी पाणी दे," मी म्हणालो.

ती आत गेली आणि पेला घेऊन आली. फटीतून बाहेर दिला. मी उभ्यानेच प्यालो आणि रिकामा पेला परत दिला.

"रविवारी त्या मायलेकांना जेवायला बोलाव. नाही, थांब, तू नको. मीच बोलावतो. आत आलो की फोन लावून दे. आणि सांग त्यांना, माझ्याकडून हो आहे."

तिचा हात साखळीवर गेला. ती ओढत होती, साखळी खडखडत होती, पण निघत नव्हती. ही साखळी काढायची तर आधी दार पूर्ण लावावं लागतं, तेव्हाच ती ढिली होते. अश्लेषाला हे लहानपणापासून माहीत आहे. तरी ती दार लावायला तयार नव्हती. रडत रडत तशीच ओढत होती.

"लाव," मी म्हणालो. "लाव दार, बेटा. मी इथेच उभा आहे."